डेंग्यूनंतर छातीत ठोका चुकतोय, ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय करू?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला असते, वय ३७, शाळेत शिकवते. गणपतीनंतर मला डेंग्यू झाला, पेशी ३८ हजारांपर्यंत खाली गेल्या म्हणून अॅडमिट केलं, सलाईन वगैरे झालं, पेशी वर चढायला लागल्या तसं घरी सोडलं. ताप गेला, पुरळ गेलं, हातापायाची खाज पण थांबली, आणि आता घरातले सगळे म्हणतात की बरी झालीस. पण घरी आल्यापासून छातीत एक वेगळाच प्रकार चालू झालाय. मध्येच एक ठोका चुकतो, क्षणभर काहीच नाही आणि मग आतून कुणीतरी जोरात ढकलल्यासारखा एक मोठा ठोका येतो. कधी एखादाच, कधी ओळीने दहा-पंधरा मिनिटं चालू राहतं. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की जास्त, जेवण झाल्यावर जास्त, आणि गंमत म्हणजे घरात काम करत असले की फारसं जाणवत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला. ते म्हणाले अशक्तपणा आहे, घाबरू नका. मी मान हलवून आले पण परवा रात्री असंच होत होतं म्हणून सासऱ्यांच्या बीपी मशीनवर बघितलं तर पल्स ४२ दाखवली. ४२! आणि बीपी १३८/८८, माझं कायम ११०/७० असतं. त्या रात्री मी झोपलेच नाही, मिस्टरांना पण उठवलं, दोघं बसून राहिलो. सकाळी परत बघितलं तर पल्स ८०. दोन जिने चढले तर १३० होते, खाली बसावं लागतं.

दिवाळीनंतर शाळेत रुजू व्हायचंय, दिवसभर उभं राहून शिकवायचं असतं. मला हे विचारायचंय की व्हायरल तापानंतर असं कुणाला झालंय का आणि ते किती काळ राहतं, आणि ईसीजी नॉर्मल असताना पुढच्या टेस्ट करायला सांगणं म्हणजे उगाच डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं होतं का? खरं सांगते, मुलगी अजून सहा वर्षांची आहे, रात्री तिच्याकडे बघत पडते आणि नको ते विचार येतात.

पावसाळी_ढग:
ताई, मला चिकुनगुनियानंतर अगदी सेम झालं होतं. सांध्यांचं दुखणं एकीकडे आणि हे छातीतलं एकीकडे. हळूहळू कमी होत गेलं, आता क्वचित कधीतरी जाणवतं. तुम्ही एकट्या नाही एवढंच सांगायला लिहिलं, बाकी जाणकार सांगतीलच.

मिरजेचा_तंबोरा:
ताई, मी ईसीजी आणि होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) टेक्निशियन आहे, बरीच वर्षं हेच काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही, पण मशीनवर रोज जे बघतो ते सांगतो, त्यानं तुमची भीती थोडी कमी व्हावी.

आधी त्या ४२ बद्दल. तुम्ही ज्या पद्धतीनं वर्णन केलंय त्यावरून मला वाटतं त्यावेळी हृदय ४२ वर नव्हतंच. बीपी मशीन दंडातल्या नाडीचे धक्के मोजतं, हृदयातली वीज मोजत नाही. एक्स्ट्रा बीट येतो तेव्हा तो वेळेच्या आधी येतो, हृदयात रक्त पुरतं भरलेलंच नसतं, त्यामुळे त्याचा धक्का इतका हलका असतो की दंडापर्यंत किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरपर्यंत पोचतच नाही. एक सोडून एक असा बीट येत राहिला, त्याला बायजेमिनी म्हणतात, तर हृदय ८४ वेळा पडतंय आणि मशीन बरोबर निम्मे ४२ दाखवतं. हे आम्ही इतक्या वेळा बघतो की पेशंट घाबरत ‘नाडी चाळीस’ म्हणत आत आला की आम्ही आधी ईसीजीच्या तारा लावतो. तरी हा माझा अंदाज आहे हं, डेंग्यूतून उठताना नाडी खरोखरच मंद होणं हेसुद्धा होतं, त्या काळात अंगात मुरलेलं पाणी परत रक्तात येत असतं आणि बऱ्याच जणांची नाडी ५०-५५ ला येते, ते आपोआप सुधारतं. दोन्हीपैकी कुठलं ते रेकॉर्डिंगवरच कळेल.

आता तो मोठा धक्का. आधीच्या लवकर आलेल्या बीटनंतर हृदय थोडं थांबतं, त्या वेळात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका ते सगळं एकदम फेकतो. म्हणजे तुम्हाला घाबरवणारा जो ठोका आहे तो खरं तर नॉर्मल ठोका आहे, फक्त भरलेला. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं म्हणून तिथं जास्त कळतं. आणि काम करताना वेग वाढला की हे बीट दबले जातात ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. याच्या उलट म्हणजे चालताना, धावताना वाढतात असं असेल तर ते लवकर दाखवायचं असतं.

अविश्वासाचं म्हणाल तर अजिबात नाही. कागदावरचा ईसीजी म्हणजे साधारण १० सेकंदांची नोंद. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, त्यातल्या दहात तुमचा बीट आला नाही तर कागद नॉर्मलच येणार, त्यात डॉक्टरांची काही चूक नाही. तुमचं रोज होतंय त्यामुळे २४ तासांच्या होल्टरमध्ये सापडायची शक्यता भरपूर आहे. छातीवर पट्ट्या चिकटवतात, कमरेला छोटं यंत्र, त्या दिवशी आंघोळ नाही, बाकी सगळं नेहमीचं करायचं, मुद्दाम झोपून राहायचं नाही, जिना चढा, जेवा, डाव्या कुशीवर झोपा. धडधडलं की यंत्रावरचं बटण दाबायचं आणि वहीत वेळ आणि काय करत होता ते लिहायचं. लोक ती वही लिहीत नाहीत आणि मग रिपोर्टमध्ये दोन हजार एक्स्ट्रा बीट दिसतात पण पेशंटला नेमकं कधी जाणवलं ते जुळवता येत नाही. तुम्ही बाई आहात शाळेतल्या, तुम्ही लिहाल.

आणखी एक घरी करण्यासारखं. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. आमच्याकडे भजनाला बसणारे लोक पटकन ओळखतात: ठेका चालू आहे, मध्येच एक मात्रा गळते आणि परत तोच ठेका सापडतो, हा झाला एक्स्ट्रा बीटचा प्रकार. पण ठेकाच सापडत नसेल, प्रत्येक ठोका वेगळ्याच अंतरानं येत असेल, तर ते वेगळं प्रकरण, त्याला त्याच दिवशी ईसीजी लागतो.

सातारी_मळा:
वरचा प्रतिसाद चांगला आहे पण मला दुसरी बाजू मांडायचीय, कारण ‘अशक्तपणा आहे’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता, वय २२, १६०० मीटरची तयारी, तब्येत एकदम दणकट. त्याला साधा व्हायरल ताप आला, अंगदुखी, जुलाब, बस. ताप उतरल्यावर लगेच तो ग्राउंडवर गेला कारण भरती तोंडावर होती. छातीत दुखतंय, धडधडतंय म्हणत होता, घरचे म्हणत होते तापातून उठलायस, अशक्तपणा असणारच. एक दिवस धावता धावता डोळ्यापुढे अंधारी येऊन खाली बसला. मित्रांनी थेट दवाखान्यात नेलं ते फार बरं केलं. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते, वाढलेलं, टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्क्यांपर्यंत खाली आलेलं. मायोकार्डायटिस, म्हणजे व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूला सूज. नंतर कार्डियाक एमआरआय पण केला. डॉक्टरांनी सहा महिने धावणं, व्यायाम, वजन उचलणं सगळं बंद केलं. सुजलेल्या हृदयावर जोर दिला तर ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते असं त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, आणि तो रडला कारण ती भरती गेली. पण आज पंपिंग पूर्ववत आहे, तो जिवंत आहे, पुढच्या भरतीला उतरला.

हे घाबरवायला लिहीत नाहीये ताई. बहुतेकांचं साधंच असतं हे मला मान्य आहे. पण साधं आहे हे तपासून ठरवायचं, अंदाजानं नाही. व्हायरल तापानंतर ठोके चुकतायत म्हटल्यावर ट्रोपोनिन, इको आणि होल्टर एकदा झालंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, डेंग्यूत सुद्धा मायोकार्डायटिस होतो, कमी जणांना होतो पण होतो. आणि छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा पडता पडता वाचणं, आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागणं, पायाला सूज, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर ओपीडीच्या नंबरची वाट बघत बसू नका. चक्कर येऊन शुद्ध गेली तर सरळ १०८.

गोदाकाठची:
तुम्हा तिघांचे खूप आभार, मिस्टरांना पण सगळं वाचून दाखवलं. छातीत दुखत नाही, चक्कर येऊन पडले नाही, पाय सुजत नाहीत. घरात तसं कुणी गेलेलं नाही. होल्टर आणि इको दोन्हीसाठी एमडी डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्यांना दाखवायला सध्या काय काय घेतेय ते लिहून काढत होते, ते इथे पण टाकते कारण कुणाला काही सुचलं तर बरं: पित्ताची गोळी पॅन्टोप्राझोल रोज सकाळी, डेंग्यूपासून चालूच आहे. मळमळीची गोळी अधूनमधून. सासूबाई प्रेमानं काढा करून देतात सकाळ-संध्याकाळ, त्यात तुळस, आलं, मिरी, गवती चहा आणि चांगला मूठभर ज्येष्ठमध कारण माझा घसा पण धरला होता. शहाळ्याचं पाणी. आणि चहा, तो जरा जास्तच होतोय कारण सारखी ग्लानी असते.

वऱ्हाडी_ताई:
थांबा, ज्येष्ठमध मूठभर आणि दोन टायमाला? मी अमरावतीला फार्मसिस्ट आहे, दुकानात बसते, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

ज्येष्ठमधाची चिमूट घशाला चांगली, त्यात वाद नाही. पण रोज भरपूर गेलं तर त्यातला एक घटक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर काढतो. म्हणजे बीपी वर आणि पोटॅशियम खाली. तुम्ही लिहिलंय ना, ११० चं १३८ झालं? भीतीनं पण वाढलं असेल, पण हे पण बघा. आणि पोटॅशियम कमी झालं की एक्स्ट्रा बीट वाढतात, हे हृदयाच्या बाबतीत अगदी पहिल्या पानावरचं आहे. तापात खाणं नाही, उलट्या-जुलाब झालेले, त्यावर हा काढा. सासूबाईंना दुखवू नका, फक्त म्हणा आई ज्येष्ठमध तेवढं राहू द्या, बाकी काढा चालू द्या, त्यांनी मायेनंच केलंय.

दुसरं पॅन्टोप्राझोल. थोडे दिवस घेतलं तर काही नाही, पण महिनोन् महिने चाललं तर काही जणांचं मॅग्नेशियम कमी होतं, आणि ते कमी असलं की पोटॅशियम पण टिकत नाही. तुमच्या चिठ्ठीवर ती किती दिवसांची लिहिली होती ते बघा, आमच्याकडे लोक पाच दिवसांची गोळी पाच महिने घेतात. मॅग्नेशियमची तपासणी करून घ्या, पण रिपोर्ट नॉर्मल आला तरी ते बहुतेक हाडात आणि पेशींच्या आत असतं, रक्तात जेमतेम एक टक्का, त्यामुळे डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात.

मळमळीच्या गोळ्यांचं नाव डॉक्टरांना नक्की सांगा. ऑन्डान्सेट्रॉन, डोमपेरिडोन, तसंच ऍझिथ्रोमायसिन, या सगळ्या औषधांनी ईसीजीमधलं क्यूटी नावाचं अंतर लांबू शकतं. एकेकटं बहुतेकांना चालून जातं, पण पोटॅशियम खाली असताना दोन-तीन एकत्र झाली तर ठोक्यांच्या गंभीर गडबडीचा धोका वाढतो. आणि सर्दीच्या ज्या गोळ्या नाक मोकळं करतात त्यात फिनाइलएफ्रिन वगैरे असतं, त्यानं धडधड वाढते, त्या स्वतःच्या मनानं घेऊ नका.

शहाळं चांगलं, पोटॅशियम भरपूर असतं त्यात. फक्त हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते, ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत त्यांनी शहाळ्यावर शहाळं पिऊ नये, पोटॅशियम जास्त झालं तर तेही हृदयाला तितकंच वाईट. आणि शेजारच्या काकूंना धडधडीवर लागू पडली म्हणून प्रोप्रानोलॉलची पट्टी मागून आणायची नाही. दम्याच्या माणसाला ती धोक्याची आहे आणि ज्याची नाडी आधीच मंद आहे त्यालाही.

निळी_छत्री:
मला कोविडनंतर सुरू झालं ते अजून पूर्ण गेलेलं नाही, त्यामुळे टेस्ट नॉर्मल आल्यानंतर माणूस कसं जगतो त्याबद्दल मी लिहू शकते. ते कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतात ‘बिनाइन आहे’, म्हणजे धोक्याचं नाही, आणि पुढचा पेशंट आत येतो.

माझा इको चांगला, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) चांगली, होल्टरमध्ये सुमारे दीड टक्का व्हीपीसी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे एक्स्ट्रा बीट. डॉक्टरांनी मला समजावलं की हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा पडतं, त्यातले हजार-दीड हजार वेडेवाकडे पडले तरी पंपाला काही होत नाही. साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेलं आणि तसंच वर्षानुवर्षं राहिलं तर पंप कमजोर होऊ शकतो, म्हणून तेव्हा उपचार किंवा निदान नियमित इको लागतो. अगदी धडधाकट माणसांना होल्टर लावला तरी कित्येकांना थोडे एक्स्ट्रा बीट निघतात, त्यांना पत्ताच नसतो. मला पत्ता लागला एवढाच फरक.

मी तेव्हा हट्ट धरला होता की ठोके बंद करायची गोळी द्याच. त्यांनी मला १९८९ सालच्या एका मोठ्या चाचणीची गोष्ट सांगितली, कास्ट म्हणून ओळखतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि एक्स्ट्रा बीट असलेल्या लोकांना ते बीट दाबणाऱ्या गोळ्या दिल्या, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड. बीट कमी झाले, कागद स्वच्छ दिसायला लागला, आणि गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा. ते पेशंट वेगळे होते, आपल्यासारखे नव्हते, पण तेव्हापासून डॉक्टर नुसता कागद स्वच्छ करायला गोळी देत नाहीत. हे ऐकल्यावर मला ‘काही औषध नाही’ या वाक्याचा राग यायचा थांबला.

रात्रीचं सांगते. ठोका चुकला की भीतीनं अॅड्रेनालिन सुटतं, त्यानं आणखी ठोके चुकतात, मग आणखी भीती. ते चक्र मध्येच तोडावं लागतं. मी उजव्या कुशीवर वळते, उशी थोडी उंच करते, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडते, आणि नाडी मोजत नाही. नाडी न मोजणं हे सगळ्यात अवघड. बीपी मशीन बेडरूममधून हलवा ताई, खरंच. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दिवसातून ठरलेल्या वेळी एकदा बघा, रात्री दोन वाजता नाही. स्मार्टवॉचचंही तेच, ईसीजी काढणारं असेल तर धडधडताना एकदा काढून पीडीएफ डॉक्टरांना पाठवा, तो त्याचा खरा उपयोग. बाकी वेळ हिरव्या लाइटवर पल्स बघत बसणं म्हणजे भीतीला खतपाणी. ते घड्याळ मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ठेकाच हरवतो तो प्रकार, शोधायला बनवलंय, त्यावर ‘अनिर्णित’ आलं तर त्याचा अर्थ काहीतरी भयंकर सापडलं असा नसतो.

रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, हे माझ्यासाठी गोळीपेक्षा जास्त चाललं. पोट गच्च झालं, गॅस झाला की नक्की ठोके येतात. मऊ भात-वरण, नाचणीची पेज, संपलं. चहा सकाळचा एक ठेवला. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी हमखास जास्त, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात पण, हे कुठल्याच डॉक्टरांनी मला सांगितलं नाही पण डायरीत दिसलं. तुम्हीपण लिहून बघा.

आणि मिस्टरांना सांगा की ‘काही नाही गं’ म्हणू नका. माझा नवरा आता फक्त ‘येतायत का? बसू का जरा?’ एवढंच विचारतो, त्यात खूप येतं.

कोकणपट्टी:
मध्येच विचारतो, माफ करा. माझे वडील ६८, डायबेटिस आहे, रत्नागिरीला घरी असतात. फ्लू झाला होता, ताप उतरला पण नाडी बघितली तर ती वर मिरजेच्या दादांनी लिहिलंय तशी, ठेकाच लागत नाही, आणि वेग ११० च्या वर. थकवा आहे बाकी ठीक म्हणतात. हे पण अशक्तपणातच जाईल का, की ताप पूर्ण गेल्यावर दाखवू?

मिरजेचा_तंबोरा:
दादा, थांबू नका, आजच ईसीजी काढा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला पण निघतो. हे एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. इन्फेक्शननंतर पहिल्यांदा उमटतं बऱ्याच वयस्कर माणसांत. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचून गाठ होते आणि ती मेंदूकडे गेली तर पॅरालिसिस. वय ६५ च्या वर आणि डायबेटिस, दोन्ही गोष्टी तो धोका वाढवतात, रक्त पातळ करणारी गोळी लागेल का ते डॉक्टर यावरच ठरवतात. गोदाकाठच्या ताईंचं आणि वडिलांचं प्रकरण एक समजू नका. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं दिसलं तर एक मिनिट पण घालवू नका.

कोकणपट्टी:
निघालो आहे त्यांना घेऊन. धन्यवाद.

गोदाकाठची:
रिपोर्ट आले. सगळ्यांनी इतक्या आपुलकीनं लिहिलंत म्हणून सविस्तर सांगते.

ट्रोपोनिन नॉर्मल. इकोमध्ये पंपिंग ६० टक्के, सूज नाही, पाणी नाही. हे ऐकलं आणि मी तिथेच रडले, डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. होल्टरमध्ये एकूण १ लाख ५ हजार ठोके, त्यात सुमारे अडीच हजार व्हीपीसी, रात्री काही वेळ सलग बायजेमिनी, म्हणजे ते ४२ चं कोडं मिरजेच्या दादांनी इथे बसून सोडवलं होतं. तीन-चार ओळीने आलेले कुठे नाहीत. झोपेत नाडी ४८ पर्यंत जाते, त्या म्हणाल्या डेंग्यूनंतर चालतं, पण म्हणूनच वेग कमी करणारी गोळी आत्ता नको. पोटॅशियम ३.३, ते ३.५ च्या वर हवं. हिमोग्लोबिन ९.८. ज्येष्ठमधाचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, लगेच बंद करा. पोटॅशियमचं सिरप थोडे दिवस आणि मग परत रक्त तपासायचं, लोहाची गोळी, पॅन्टोप्राझोल बंद. बीपी पण परत बघायचंय. सासूबाईंना वाईट वाटलं पण मग त्यांनीच डब्यातून ज्येष्ठमध काढून वरच्या फळीवर ठेवलं आणि आता मला खजूर आणि अळीव खायला घालतायत.

ठोके अजून येतायत, पण काल रात्री आले तेव्हा मी उजव्या कुशीवर वळले आणि झोप लागली. एकच शंका राहिली, ती शाळेची. उभं राहिलं की थोड्या वेळानं धडधडतं, हातपाय गळतात, ते एक्स्ट्रा बीटसारखं नाही, नुसता वेग वाढतो.

निळी_छत्री:
इको चांगला आला, किती बरं वाटलं वाचून! उभं राहिल्यावरचं मला पण होतं सुरुवातीला. घरी असं करा: दहा मिनिटं शांत आडव्या पडा, नाडी आणि बीपी लिहा, मग उभ्या राहा आणि दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी लिहा, मिस्टरांना शेजारी उभं करून. बीपी फारसं न पडता नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, व्हायरल इन्फेक्शननंतर काही जणांना पॉट्स नावाचा प्रकार होतो त्यात असं होतं. पण तुमचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, अंथरुणात बरेच दिवस गेलेत, त्यानंही हेच होतं, आधी ते भरून निघू दे. पॉट्सवाल्यांना मीठ-पाणी वाढवायला सांगतात ते तुम्ही वाचाल कुठेतरी, तुमचं बीपी वर आहे तेव्हा मनानं मीठ वाढवू नका. पाणी प्या भरपूर.

सातारी_मळा:
अभिनंदन ताई. चालायला आता हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सपाटीवर, बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगानं, आणि दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटलं तर अंतर कमी करा. भाऊ परत उभा राहिला तेव्हा असाच सुरू झाला होता, आधी अंगणात, मग बांधापर्यंत.

वऱ्हाडी_ताई:
वर्गात खुर्ची मागून घ्या, पहिला महिनाभर बसून शिकवलं तर पोरांचं काही बुडत नाही. मेडिकल सर्टिफिकेटवर डॉक्टरांकडून तसं लिहूनच आणा, म्हणजे मुख्याध्यापकांना तोंडी सांगत बसावं लागणार नाही. आणि पोटॅशियमचं सिरप उपाशीपोटी घेऊ नका, पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्या, नाहीतर पोटात जळजळ होईल आणि परत पित्ताच्या गोळीवर याल.

कोकणपट्टी:
वडिलांचं एएफच, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनच निघालं. अॅडमिट केलंय, वेग आता ९० च्या आत आलाय, रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मिरजेचे दादा, तुमचे उपकार आहेत.

गोदाकाठची:
दादा, वडिलांना लवकर आराम पडू दे. मी पंधरा दिवस रजा वाढवून घेतलीय आणि खुर्चीसाठी अर्ज पण लिहिलाय. पोटॅशियमची पुढची तपासणी सोमवारी आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकते.